आधुनिक व्यक्तिचित्रातला भाव वाचायचा कसा? मुलं ‘उदास आहे’च्या पुढे सरकत नाहीत

खडूपाटी

नमस्कार. सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएट झालेल्या बारा मुलांसाठी दर शनिवारी एक जादा तास ठेवलाय, आधुनिक व्यक्तिचित्राच्या रसग्रहणाचा. त्यासाठी तीन चित्रांच्या ए-थ्री रंगीत प्रिंट काढून फळ्यावर लावल्यात: व्हॅन गॉगचं ‘डॉक्टर गाशे’ (१८९०, पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे ते), मातिसने बायकोचं काढलेलं ‘हिरवा पट्टा’ (१९०५) आणि पिकासोने अमेरिकन लेखिकेचं काढलेलं ‘गर्ट्रूड स्टाइन’ (१९०५-०६).

प्रश्न साधा विचारला होता, “या माणसाच्या मनात काय चाललंय?” गाशेबद्दल जवळजवळ सगळ्यांनी “उदास” एवढंच लिहिलं. एकाने “प्रेमभंग झालाय” असं ठोकून दिलं. दुसऱ्याने लिहिलं की चित्रकार लवकरच आत्महत्या करणार हे चित्रातच दिसतं. मातिसच्या चित्रावर तिघांनी “हिरवा म्हणजे मत्सर” लिहिलंय. स्टाइन म्हणजे “भावनाशून्य बाई”.

यातलं काय चूक म्हणू आणि काय बरोबर, हेच ठरवता येईना. भाव ज्याचा त्याला वाटेल तो असं सोडून द्यावं, तर मग शिकवायचं काय? वर्गात करून घेता येईल असं काही सांगाल का? साहित्य म्हणजे पुठ्ठा, कात्री आणि मुलांच्या घरचे मोबाइल, इतकंच धरा.

कोरा कॅनव्हास

मॅडम, गडबड उत्तरांच्या आधी प्रश्नात झालीय. “मनात काय चाललंय” असं विचारलं की नजर डोळे-ओठांवर जाऊन तिथेच अडकते. रशियन संशोधक अल्फ्रेड यार्बस यांनी हे मोजून दाखवलंय. रशियन चित्रकार रेपिनचं एकच चित्र बघणाऱ्यापुढे ठेवून दर वेळी वेगळा प्रश्न विचारला, या माणसांची वयं काय असतील, घरची परिस्थिती कशी असेल, असे. प्रश्न बदलला की डोळ्यांचा चित्रावरचा प्रवासही बदलला. तेव्हा पहिला प्रश्न माणसाचा नको, रंगाचा घ्या. “यातला कुठला भाग घाईने रंगवलाय आणि कुठला सावकाश?” त्याने अख्खं चित्र बघणं भाग पडतं.

दुसरं असं की ‘भाव’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. बसलेल्या माणसाची मनःस्थिती, चित्राची स्वतःची वृत्ती, चित्रकाराची मनःस्थिती आणि बघणाऱ्याची. मुलं चौथीवरून थेट पहिलीवर किंवा तिसरीवर उडी मारतात. आपल्या हातात पुराव्यासकट असते ती दुसरी. बाकीच्यांना बाहेरचा आधार लागतो.

गाशेच घ्या. आधी दहा मिनिटं नुसतं बघणं, मग पंधरा ओळी लिहायच्या आणि एकाही ओळीत भावनेचा शब्द नको. उदाहरणार्थ: डोकं मुठीवर कललंय. शरीर चौकटीत तिरपं पडलंय. कोट निळा, पार्श्वभूमीही निळीच, त्यामुळे खांद्याची कडा मागच्या रंगात बुडते. टेबल तांबडं-नारिंगी. फटकारे सुटे सुटे आणि लांब, कोटावरून मागच्या निळ्यातही तसेच चालू राहतात. टेबलावर फॉक्सग्लोव्हची डहाळी आहे.

आता झाकाझाकी. पुठ्ठ्याचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे कापा, पट्टीची रुंदी ५ सेंटिमीटर, भुजा ३० सेंटिमीटर. ते एकमेकांवर सरकवून हवी तेवढी खिडकी करता येते. एका वेळी एकच गोष्ट झाकायची:

– फक्त डोळे झाका. कल तसाच राहतो, मरगळ फारशी कमी होत नाही.
– आता मूठ आणि दंड झाका, चेहरा उघडा ठेवा. बराचसा ‘उदास’ निघून जातो, एक थकलेला, लक्ष दुसरीकडे असलेला माणूस उरतो.
– टेबल झाका. तांबडं गेलं की सगळं निळं एकसुरी होतं आणि चित्रातला ताणच सैल पडतो.

म्हणजे ‘उदास’ हे चेहऱ्यापेक्षा बैठकीतून जास्त येतंय. आणि ही बैठक व्हॅन गॉगने शोधून काढलेली नाही. हातावर गाल टेकून बसलेली आकृती ही युरोपात खिन्नतेची जुनी खूण आहे. जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५१४ सालच्या ‘मेलँकोलिया’ या कोरीव छापचित्रातही ती आहे. आपल्याकडे डोक्याला हात लावून बसलेला माणूस बघितला की “काय झालं हो?” असं विचारतात, तसंच. हा संकेत झाला. ‘संकेत’ आणि ‘निरीक्षण’ हे दोन शब्द मुलांना वेगळे करून द्या, निम्मी गाडी रुळावर येईल.

आत्महत्येचं म्हणाल तर ती मागून आणलेली माहिती आहे. चित्र जून १८९० मधलं, चित्रकार २९ जुलैला गेला. आपल्याला शेवट ठाऊक असतो म्हणून आधीची प्रत्येक रेघ त्याकडे बोट दाखवते असं वाटतं. चित्रकाराच्या मनाबद्दल बोलायचंच असेल तर पत्रांचा आधार घ्यावा. हा डॉक्टर आपल्यासारखाच आहे, जणू आणखी एक भाऊ सापडला, अशा आशयाचं त्याने बहिणीला लिहिलेलं आहे. या आधारावर “चित्रकाराने त्याच्यात स्वतःचं काही बघितलं” इथपर्यंत जाता येतं. त्याच्या पुढे नाही.

प्रेमभंगाला मात्र शून्य गुण. मुलाला सांगा, डहाळीकडे बघ. फॉक्सग्लोव्ह म्हणजे डिजिटॅलिस, हृदयाच्या औषधाची वनस्पती. ती डॉक्टरकीची खूण म्हणून तिथे आहे. हृदयाचं औषध बघून प्रेमभंग सुचला असेल तर पोरगं हुशार आहे, पण आधार लागतोच.

रंगारी गल्ली

ओ मॅडम, हिरव्याचा मत्सर मराठीत कुठून आला? ही मुलं मोबाइलवर ‘रंगांचे अर्थ’ बघून लिहायलेत. आपल्याकडे हिरवा म्हणजे चुडा, शालू, पिकलेलं नव्हे ते. मातिसच्या फ्रान्समधलं तिसरंच काही असेल. ठरलेल्या अर्थांचा कोश चित्राला लावला की बघणं तिथेच थांबतं.

रंगाचं काम शेजारावर चालतं. चादरीच्या गावात हे समजवायला लांब जायची गरज नाही. तोच पिवळा धागा मरूनशेजारी पेटतो आणि पांढऱ्याशेजारी फिका पडतो, लडी एकाच पिंपात बुडवलेली असली तरी. फ्रान्समधल्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग फिका येतो अशी तक्रार होती. त्याने तपासलं तर रंग चोख निघाला, दोष शेजारच्या धाग्यांचा होता. १८३९ मध्ये त्याने यावर मोठं पुस्तक लिहिलं आणि पुढच्या चित्रकारांनी ते उचललं. म्हणजे मातिसच्या हिरव्यामागे एक रंगारीच उभा आहे.

वर्गात असं करा. करड्या कागदाचे ३ सेंटिमीटरचे दोन चौकोन कापा. एक लाल कार्डशीटच्या मधोमध ठेवा, एक हिरव्याच्या. लालवरचा किंचित हिरवट दिसेल, हिरव्यावरचा गुलाबीसर. मुलं भांडतील की कागद वेगळे आहेत. तेव्हा दोन्ही उचलून शेजारी ठेवायचे.

मग ‘हिरवा पट्टा’ घ्या. पट्टा कपाळापासून नाकावरून खाली हनुवटीकडे येतो, चेहऱ्याचे दोन भाग करतो, दोन्हींची त्वचा वेगळ्या रंगाची. मोबाइलवर फोटो काढून करडा करा. पट्टा छायेसारखा वागताना दिसेल, जिथे उजेड संपून सावली सुरू व्हावी तिथे बसलेला. नंतर प्रिंटवर त्या पट्ट्याइतकी अंगाच्या रंगाची कागदाची पट्टी ठेवा. नाकाचा उठाव जातो आणि चेहरा सपाट पडतो. म्हणजे हिरवा आधी बांधकामाचं काम करतोय, भावनेचं नंतर. भाव येतो तो त्या कामाच्या कडकपणातून. बायको आपली, पण रंगवताना लाड केलेले नाहीत. मान सरळ, नजर स्थिर, रंग आडदांड. मी इथे ‘संयम’ किंवा ‘दबदबा’ असं वाचेन. कुणी ‘ताण’ म्हणालं आणि दोन विरोधी रंगांकडे बोट दाखवलं तर तेही चालेल.

प्रिंटबद्दल महत्त्वाचं. तुमच्या तिन्ही प्रिंट एकाच मापाच्या आहेत, मूळ चित्रं नाहीत. मातिसचं चित्र जेमतेम ४०.५ × ३२.५ सेंटिमीटर. ए-थ्रीवर ते जवळजवळ मूळ आकारात येतं. गाशे ६८ × ५७, म्हणजे प्रिंट निम्मी. स्टाइन १०० × ८१, तिची तर एकतृतीयांशाहून थोडीच मोठी. स्टाइन ही चौकट भरून बसलेली भारदस्त बाई आहे. तो भारच प्रिंटमध्ये उरत नाही आणि मुलं म्हणायलेत भावनाशून्य. भिंतीवर खडूने १०० × ८१ ची चौकट आखा, खांदे आणि डोकं कुठे येतात तेवढं ढोबळ काढा आणि मुलांना दीड मीटरवर उभं करा.

आणखी एक. मोबाइलचा ‘आय कम्फर्ट’ चालू असला की पडदा पिवळा होतो, गाशेचा निळा करपतो. झेरॉक्सच्या दुकानात तर मशीन आपल्या मनाने रंग भडक करतं. चित्र थेट संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि प्रिंट काढताना ‘ऑटो’ सुधारणा बंद करायला सांगा.

हाडं आणि स्नायू

वरच्यांचं पटतं, पण चेहऱ्याला इतकं बाजूला सारू नका. चेहरा वाचायला शिकवता येतो. मुलं तो चुकीच्या जागी वाचतात एवढंच.

ओठ सोडा, भिवयांपासून सुरू करा. दुःखात भिवयांची आतली टोकं वर उचलली जातात आणि कपाळाच्या मधोमध आडव्या आठ्या पडतात. हे मुद्दाम करून दाखवणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून ती खूण त्यातल्या त्यात विश्वासाची. भिवया खाली आणि एकमेकींकडे ओढल्या गेल्या तर राग, एकाग्रता किंवा नुसतं ऊन. सोलापूरच्या एप्रिलमध्ये रस्त्यावरचा प्रत्येक जण रागावलेला दिसेल, तो का, हे मुलांना सांगावं लागणार नाही.

मग पापण्या. साधारण स्थितीत वरची पापणी बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते आणि खालची बुबुळाच्या कडेला टेकलेली असते. वर पांढरं दिसलं तर दचकणं, भीती, ताण. खाली पांढरं दिसलं तर आधी बघा की मान खाली घालून नजर वर केलीय का. तसं असेल तर ती निव्वळ भूमिती आहे, मनाचा त्यात संबंध नाही.

हसण्यात डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळला जातो का ते बघायचं. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये हा फरक मांडला. नुसती ओठांची टोकं वर गेली तर ते शिष्टाचाराचं हसू. चौकाचौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मुलांना सराव करायला लावा, साहित्याचा खर्च शून्य.

आता ‘उदास’ चुकीने कुठून येतं ते. पहिलं कारण वय. गाशे तेव्हा ६१ वर्षांचा होता. सैल पापण्या, नाकापासून ओठांच्या टोकांपर्यंतच्या वळ्या आणि खाली उतरलेली ओठांची टोकं ही वयाने येतात, तरुण डोळ्यांना ती दुःख वाटतात. दुसरं कारण बैठक. समोर बसवून काढलेल्या चित्रात माणूस तासन् तास हसत राहू शकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत चेहरा ढिला पडतो आणि ढिला चेहरा गंभीर दिसतो. स्टाइनबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पिकासोपुढे त्या ऐंशी-नव्वद वेळा बसल्या. तेवढ्या बैठकांनंतर कुणाच्याही चेहऱ्यावर काय उरणार?

स्टाइनचं डोकं तर शेवटी त्यांच्या गैरहजेरीतच रंगवलंय. १९०६ च्या वसंतात पिकासोने रंगवलेलं डोकं पुसून टाकलं, उन्हाळा स्पेनमधल्या गोसोल गावी काढला आणि परत आल्यावर त्या समोर नसताना मुखवट्यासारखा चेहरा घातला. प्रिंटवर चेहरा झाकून फक्त हात आणि झगा बघा, मग झगा झाकून फक्त चेहरा बघा. दोन वेगळ्या काळांत रंगवल्याचं कळतं. अंग मऊ, वजनदार, पुढे झुकलेलं. चेहरा कडक, डोळे एका मापाचे नाहीत. “भावनाशून्य” लिहिणाऱ्या मुलाने खरं म्हणजे काहीतरी टिपलंय, फक्त ते बाईच्या खात्यावर टाकलं. तो कडकपणा बाईचा नाही, दोन काळांतलं रंगकाम एका चित्रात जोडल्याचा आहे. स्नायूंचं माझं हे सगळं शास्त्र त्या चेहऱ्यावर चालत नाही, हेही कबूल करतो. इटालियन चित्रकार मोदिल्यानीच्या कोऱ्या डोळ्यांवर किंवा आपल्याकडच्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने कपाळात नेऊन बसवलेल्या डोळ्यांवरही चालत नाही. तिथे कोरा कॅनव्हासची पद्धत.

खडूपाटी

खूपच उपयोगी. एक पुढचा प्रश्न. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, हुसेन तिथे जन्मले, म्हणून मुलांना त्यांची मदर तेरेसांची चित्रं दाखवायची आहेत. पण त्यांत चेहराच नाही! मग ते व्यक्तिचित्र म्हणायचं का, आणि भाव कुठे शोधायचा? शिवाय “आई लहानपणीच गेली म्हणून हुसेन चेहरा काढत नाहीत” हे मुलांनी आधीच वाचलेलं असणार.

कोरा कॅनव्हास

जरूर दाखवा, झाकाझाकीचा धडा तिथे आयता मिळतो. चित्रकारानेच चेहरा झाकून ठेवलाय. पांढरी साडी, निळे काठ, पदराच्या आत चेहऱ्याच्या जागी काळोख. ओळख काठांवरून पटते, म्हणून व्यक्तिचित्र म्हणायला हरकत नाही. भाव शोधायचा तो पदराच्या घड्यांच्या दिशेत, हातांच्या ठेवणीत आणि मांडीवर कुणाला घेतलं असेल तर त्या देहाच्या वजनात. एक काम द्या: त्या काळोखावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येकाने पेन्सिलीने चेहरा काढायचा, एकाने हसरा, एकाने रडका, एकाने शांत. मग विचारायचं की कुठल्या चेहऱ्याशी हात भांडतात. भांडण कुठे होतं ते लिहून काढलं की तेच रसग्रहण.

आईबद्दल हुसेन यांनी स्वतः बोलून ठेवलंय, त्यामुळे तो आधार खोटा नाही. पण तो शेवटच्या परिच्छेदात यावा. पहिल्या वाक्यात आला की मुलं चित्राकडे बघायचं सोडून चरित्र सांगत बसतात. आणि त्या एका कारणाने हे कळत नाही की साडी इतकी मोठी आणि उजळ का, काळोख पदराच्या आतच का. चित्राचं नाव, साल, चरित्र हे सगळं पुठ्ठ्याच्या मागे लिहून ठेवा आणि निरीक्षणाच्या पंधरा ओळी झाल्यावरच उलटा.

जमलं तर अमृता शेरगिल यांचं ‘तीन मुली’ (१९३५) पण घ्या. तिघी शेजारी बसल्यात, कुणी कुणाकडे बघत नाही, आपल्याकडेही नाही आणि मागे घर-दार काही दाखवलेलं नाही. तिथला भाव तिघींच्या मधल्या जागेत आहे. एकेकीचा चेहरा एल-खिडकीतून सुटा बघितला तर नुसती शांत मुलगी दिसते.

हाडं आणि स्नायू

काय चूक, काय बरोबर असं विचारलं होतं, त्याचे गुण कसे द्यायचे ते राहिलंच. दहापैकी चार निरीक्षणाला, तीन निरीक्षणापासून भावापर्यंतच्या दुव्याला, दोन पर्यायी वाचनाला, एक भाषेला. दुवा म्हणजे “खांद्याची कडा मागच्या निळ्यात मिसळते, त्यामुळे माणूस पार्श्वभूमीपासून सुटत नाही, म्हणून मला तो अडकलेला वाटतो” असं वाक्य. “मला” आणि “वाटतो” खोडू नका, ते प्रामाणिक आहे. पर्यायी वाचन म्हणजे “हा थकवाही असू शकतो, कारण भिवयांची आतली टोकं फारशी उचललेली नाहीत” अशा धर्तीचं. ‘उदास’ला गुण कापायचे नाहीत, पण पुढे ‘कारण’ नसेल तर दुव्याचे तीन देऊ नका.

रंगारी गल्ली

मॅडम, एक राहिलं. तुमचा फळा कुठल्या रंगाचा?

खडूपाटी

हिरवा. नवीन बसवलेत सगळ्या वर्गांत.

रंगारी गल्ली

मग आधी प्रिंट फळ्यावरून उतरवा! एवढ्या हिरव्यावर मातिसचा पट्टा मलूल पडणार आणि स्टाइनचा तपकिरी लालसर दिसणार. करड्या कार्डशीटवर चिकटवा, चारी बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर कड सोडून, आणि स्टाइनची मोठी चौकट मागच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने आखा. खिडकी पश्चिमेची असेल तर तास सकाळी घ्या, दुपारच्या उन्हाने गुळगुळीत प्रिंटवर चकाकी येते आणि गाशेचा अर्धा चेहरा दिसत नाही.